खिंडसीकाठचं शिबिर आणि शनिवारची डोकेदुखी : एक प्रकरण अभ्यास

डिसेंबरातल्या एका शनिवार-रविवारी रामटेकजवळ, खिंडसी तलावाच्या बाजूला भाड्याने घेतलेल्या फार्महाउसवर नवशिक्यांसाठी योग रिट्रीट झालं. नागपूरहून सोळा जण गेले होते. त्यांतल्या एक ताई रविवारी सकाळीच, समारोपाची वाट न पाहता, मुलाला गाडी घेऊन बोलावून घरी परतल्या. घरी गेल्या गेल्या चहा घेतला, तासाभरात डोकं दुखायचं थांबलं आणि त्यांनी कायमचा निकाल देऊन टाकला : "मला योगा मानवत नाही." मुलाने निम्मी फी परत मागितली. शिबिर घेणारी शिक्षिका म्हणाली, सगळं तर शिस्तीत झालं, मग पैसे कशाचे परत द्यायचे?

ही शिक्षिका माझ्या ओळखीची. मीही नागपुरात वर्ग घेते, म्हणून तिने मला मध्ये घातलं. पैशांचा वाद पाच मिनिटांत मिटण्यासारखा होता. मला खटकला तो ताईंचा निकाल. बावन्न वर्षांची बाई, बीपीची गोळी चालू, गुडघे कुरकुरणारे, दिवसभर खुर्चीवरचं काम. हळूहळू केलेल्या योगाचा जिला खरंच उपयोग झाला असता, तीच त्याच्यावर फुली मारून बसली. असं का झालं हे पाहायला मी दोघींशी बसून बोलले, वेळापत्रक मागवलं, भरलेला फॉर्म पाहिला. दोघींच्या परवानगीने, नावं गाळून, इथे मांडते आहे.

ताई सिव्हिल लाइन्समधल्या एका कार्यालयात नोकरीला आहेत. दिवसाला पाच-सहा कप चहा, तोही कडक. रात्रीचं जेवण साडेनऊला, झोप साडेअकराच्या आधी नाही. जमिनीवर मांडी घालून बसायची सवय सुटून बरीच वर्षं झाली, पूजासुद्धा छोट्या स्टुलावर बसून होते. रिट्रीटची फी मुलाने परस्पर भरली, आईला वाढदिवसाची भेट म्हणून. "तुले आराम भेटेल" एवढंच त्याने सांगितलं होतं.

शुक्रवारी दुपारी तीनला ऑफिसात शेवटचा चहा झाला. साडेचारला गाडी निघाली, कामठी, कन्हान, मनसर करत अंधार पडता पडता पोहोचली. वाटेत कुठेच थांबली नाही. मनसरच्या टपरीवर दहा मिनिटं थांबली असती तर ही कहाणी काही तास पुढे ढकलली गेली असती, टळली नसती. पोहोचल्यावर फोन जमा झाले, पावणेसातला बिनकांद्या-लसणाची मुगाची खिचडी आणि उकडलेल्या भाज्या वाढल्या आणि साडेनऊला दिवे बंद. ताईंना झोप लागली बारा वाजून गेल्यावर. घंटा वाजली पावणेपाचला.

आता शनिवारचं वेळापत्रक पाहा. सव्वापाचला जलनेती, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणं. साडेपाचला प्राणायाम, त्यात भस्त्रिका आणि कपालभाती हे जोराने श्वास घ्यायचे-सोडायचे प्रकार. साडेसहाला दीड तास आसनं, सुरुवात बारा सूर्यनमस्कारांनी. आठला 'कर्मयोग', साडेनऊला नाश्ता. अकराला अष्टांगयोगावर व्याख्यान, एकला जेवण, तीनला योगनिद्रा, चारला पुन्हा आसनं, सहाला ध्यान, मग जेवण, आठला सत्संग. आणि उठल्यापासून दुपारच्या जेवणापर्यंत मौन. डिसेंबरअखेर आपल्याकडे सूर्य उगवतो पावणेसाताच्या सुमारास. म्हणजे पहिला दीड तास जवळजवळ काळोखात, उघड्या शेडमधल्या टाइल्सवर, एका पातळ मॅटवर. थंडीत विदर्भ बाहेरच्यांना सुखाचा वाटतो तो दुपारी. पहाटे तलावाकाठी हाडं गोठतात.

चहा नव्हता. त्याऐवजी धने-जिऱ्याचं कोमट पाणी होतं.

इथे घड्याळ घेऊन बसावं लागतं. रोज कॅफीन घेणाऱ्या माणसाने ते एकदम बंद केलं की बहुतेकांना बारा ते चोवीस तासांत त्रास सुरू होतो, वीस ते एक्कावन्न तासांच्या दरम्यान तो शिगेला असतो आणि पुढे दोन ते नऊ दिवस रेंगाळू शकतो. डोकं जड होणं, चिडचिड, सुस्ती, लक्ष न लागणं, काहींना मळमळ. कारणही सरळ आहे : कॅफीन मेंदूतल्या रक्तवाहिन्या थोड्या आकुंचित ठेवतं, ते मिळेनासं झालं की त्या रुंदावतात आणि डोकं ठणकू लागतं. त्यासाठी कॉफीचे मोठे मग रिचवावे लागत नाहीत. दिवसाला शंभर मिलिग्रॅमची सवयही पुरते, आणि पाच-सहा कप कडक चहात तेवढं सहज होतं. ताईंचा शेवटचा चहा शुक्रवारी तीनचा. वीस तास होतात शनिवारी सकाळी अकराला, ऐन व्याख्यानाच्या वेळी. एक्कावन्न तास होतात रविवारी संध्याकाळी सहाला, आणि शिबिराचा समारोप होता रविवारी चारला. म्हणजे शनिवार-रविवारचं शिबिर घ्यायचं आणि शुक्रवारी रात्रीपासून चहा तोडायचा, तर माणूस दुखण्याचे सगळ्यांत वाईट तास शिबिरात काढतो आणि बरं वाटायच्या आत घरी जातो. दहा दिवसांचं शिबिर असतं तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताईंनी स्वतःच म्हटलं असतं, चहाशिवायही चालतंय की. दोन दिवसांत ते शक्यच नाही. हे गणित मी शिक्षिकेला कागदावर मांडून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ त्या कागदाकडे पाहत होती. तिला एकदम आठवलं, शनिवारी दुपारी डोकं धरून बसलेल्या ताई एकट्या नव्हत्या. आणखी पाच-सहा जण होते.

तिने तेव्हा त्यांना काय सांगितलं होतं? "शरीरातली विषद्रव्यं बाहेर पडताहेत, चांगलं लक्षण आहे."

ही विषद्रव्यांची भाषा मला मनापासून आवडत नाही. नको असलेलं बाहेर टाकायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं रोजच करतात, त्यांना खिंडसीला न्यावं लागत नाही. पण माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. एकदा दुखण्याला चांगलं लक्षण म्हटलं की पुढचे सगळे प्रश्न बंद होतात. बीपीची गोळी घेणाऱ्या बाईचं डोकं ठणकतंय, तर आधी बीपी मोजायला हवं. तिथे बीपीचं मशिन नव्हतं. दीड-दोन हजारांत येतं. आणि गोळीचं काय झालं होतं? ताई ती रोज नाश्त्यानंतर घेतात, घरी साडेसातला. इथे नाश्ता साडेनऊला. शनिवारी गोळी उशिरा गेली, रविवारी राहूनच गेली. शिवाय बीपी असलेल्यांना भस्त्रिका आणि जोरकस कपालभाती देऊ नये, श्वास रोखून धरायला लावू नये, हे कोणत्याही प्राथमिक योगवर्गात शिकवतात. शिक्षिकेलाही ते पक्कं ठाऊक होतं. तिला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की ताईंना बीपी आहे.

कारण फॉर्ममध्ये 'काही आजार आहे का?' या प्रश्नापुढे ताईंनी ठळक अक्षरांत 'नाही' लिहिलं होतं. मी विचारलं, असं कसं? त्या म्हणाल्या, "गोळी सुरू आहे ना, मंग बीपी नॉर्मल असते जी. आजार कायचा?" त्यांच्या बाजूने हे खरंच आहे. आपल्याकडे आजार म्हणजे अंथरूण धरलेला माणूस. शुगर, बीपी, थायरॉइड या रोजच्या जगण्याच्या गोष्टी, त्या फॉर्मवर कशाला लिहायच्या? म्हणून प्रश्न बदलायला हवा : रोज कोणती गोळी घेता, किती वाजता, जेवणाआधी की नंतर? ऑपरेशन झालंय का, कधी? काचबिंदू सांगितलाय का? कारण डोळ्यांत दाब असलेल्याने डोकं खाली आणि पाय वर करायची आसनं केली तर तो दाब आणखी वाढतो. हाडं ठिसूळ झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलंय का? तसं असेल तर कमरेतून वाकून पायाला हात लावायचा अट्टहास मणक्याला महागात पडू शकतो. आणि मधुमेहाचं इन्शुलिन किंवा काही गोळ्या घेणाऱ्याला पहाटे पाच ते साडेनऊ उपाशी ठेवणं म्हणजे साखर खाली जायला आमंत्रणच. त्या बॅचमध्ये असं कुणी नव्हतं, हे नशीब.

जलनेतीबद्दलही दोन शब्द. पाणी बोअरचं, गरम केलेलं पण उकळलेलं नाही. मीठ अंदाजाने. नेतीला लिटरमागे साधारण नऊ ग्रॅम मीठ लागतं, म्हणजे आपल्या रक्ताइतपत खारट. त्याहून कमी-जास्त झालं की नाकात झोंबतं. पाणी उकळून कोमट केलेलंच हवं, कारण न उकळलेल्या पाण्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. फार क्वचित घडतं, पण घडलं तर माणूस सहसा वाचत नाही. आणि नेतीनंतर नाक नीट कोरडं केल्याशिवाय जोराचा श्वास घेऊ-सोडू नये. इथे नेती आणि भस्त्रिका यांच्यात पंधरा मिनिटं, सोळा माणसं आणि मोजकी नेतीपात्रं. ताईंच्या कानात दडे बसले ते दोन दिवस. मुळात नवशिक्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात शुद्धिक्रिया घ्यायचं कारणच मला समजत नाही.

मग शनिवारी सकाळी ताई बोलल्या का नाहीत? कारण मौन होतं. डोकं दुखतंय हे सांगायला तोंड उघडावं लागतं आणि तोंड उघडायला मनाई. आसनांनंतर त्या शवासनात डोळ्यांवर ओढणी घेऊन पडून राहिल्या. शिक्षिकेला वाटलं, बाई छान आत गेल्यात.

हे मौन तिने विपश्यनेवरून उचललं होतं. नागपूरला माहूरझरीला विपश्यनेचं केंद्र आहे, धम्म नाग, तिथे ती एकदा दहा दिवस बसून आली होती. पण तिथलं मौन साधकांच्या आपसातलं असतं. अडचण असेल तर व्यवस्थापनाशी आणि शंका असेल तर आचार्यांशी बोलायची मुभा पहिल्या दिवसापासून असते, ती आवर्जून सांगितली जाते. हिने नियम उचलला, त्यातली सवलत तिथेच राहिली. आणखी एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटली होती. तिथे संध्याकाळी पाचला नव्या साधकांना चहा आणि फळं मिळतात, जुन्या साधकांना फक्त लिंबूपाणी. पहाटे चारला घंटा वाजवणारं, एवढं कडक शिबिर, पण नव्याला वेगळा नियम लावायचं तिथे सुचलेलं आहे.

आता कर्मयोग. मला वाटतं ताईंचं मन मोडलं ते इथे, डोकं तर नंतरचं.

आठ ते सव्वानऊ सगळ्यांनी श्रमदान करायचं होतं. कल्पना वाईट नाही. वाटणी मात्र अशी झाली : पुरुष सतरंज्या झटकायला, पाण्याचे कॅन उचलायला आणि आवारातला पालापाचोळा झाडायला. बायका स्वयंपाकघरात. हे कुणी ठरवून केलं नाही, नेहमीप्रमाणे आपोआप झालं. ताईंनी दोन फुलके लाटले, ते टम्म फुगले, आणि शनिवारी नाश्त्यापासून रविवारी सकाळपर्यंत पोळपाट त्यांच्यापुढून हलला नाही. "हात किती चालतो हो तुमचा!" असं कौतुकही झालं. ताई मला म्हणाल्या, "दोन दिवस गॅसपुढे उभं राहायचं नाही, एवढ्यासाठीच गेली होती मी. पैसे भरून पोळ्या लाटून राहिली होती." हे सांगताना त्या हसत होत्या, पण पैसे परत मागायला मुलाला भरीला कुणी घातलं ते माझ्या लक्षात आलं.

घर-संसार चालवणाऱ्या बाईला शिबिरात नेमकं काय मिळतं, हा प्रश्न शिबिर घेणाऱ्याने स्वतःला विचारायला हवा. आसनं शिकायला गाव सोडायची गरज नाही, निदान नागपूरकराला तरी नाही. रामनगरचं जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ कित्येक दशकं विनामूल्य शिकवत आलं आहे. शहरातल्या कितीतरी घरांत आजी-आजोबा तिथेच शिकलेले सापडतात. तेव्हा हजारो रुपये भरून खिंडसीला जायचं ते आसनासाठी नव्हे. जायचं ते आयतं ताट मिळावं म्हणून, फोन नसावा म्हणून, "आई, माझा डबा कुठाय" हे दोन दिवस कानावर पडू नये म्हणून. शिबिराने विकलेली ती एकच वस्तू ताईंना मिळाली नाही.

एवढं सगळं एका समजूतदार, प्रामाणिक शिक्षिकेच्या हातून कसं झालं? वेळापत्रकाचा मूळ कागद तिने मला दाखवला तेव्हा उलगडा झाला. तिने ऋषिकेशला दोनशे तासांचा शिक्षक प्रशिक्षणाचा कोर्स केला होता. तिथलं रोजचं वेळापत्रक तिने जवळजवळ शब्दशः उतरवून घेतलं होतं. पहाटेची नेती, प्राणायाम, आसनांची दोन सत्रं, तत्त्वज्ञान, कर्मयोग, सत्संग. शिक्षक व्हायला निघालेल्या, जवळपास महिनाभर मुक्काम असलेल्या, बहुतेक तरुण मुलामुलींसाठी ते बरोबरच होतं. त्यांना हळूहळू रुळायला तीन-चार आठवडे असतात. झोपेचं घड्याळ दिवसाला फार तर तासभर सरकतं. साडेअकराला झोपणाऱ्या बाईला साडेनऊला झोपवायचं तर दोन-तीन दिवस नुसते त्यातच जातात. ताईंकडे होत्या दोन रात्री.

दुसरं कारण पैशाचं. आधीच्या एका शिबिरानंतर काहींनी लिहून दिलं होतं, 'मधे रिकामा वेळ फार होता.' आपल्या लोकांना पैसे वसूल झाले असं वाटायला भरगच्च कार्यक्रम लागतो. लग्नातली पंगत असो की योग शिबिर, पान भरलेलं दिसलं पाहिजे. तिने रिकाम्या जागा भरून टाकल्या. हा दबाव खरा आहे, त्यासाठी मी तिला दोष देणार नाही. पण भरलेल्या पानातलं जे पचत नाही, त्याचा त्रास खाणाऱ्याला होतो, लिहून देणाऱ्याला नाही.

फेब्रुवारीत तिने त्याच जागी दुसरी बॅच घेतली. वेळापत्रक आम्ही दोघींनी बसून पुन्हा लिहिलं आणि त्यावर आमचं चांगलंच भांडण झालं. तिचं म्हणणं, "चहा दिला तर ते योग शिबिर कसलं?" मी माहूरझरीचा दाखला दिला तेव्हा ती थोडी नरमली. शेवटी ठरलं ते असं : शिबिराच्या आठवडाभर आधी सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप, रोजच्या चहातला एक-एक कप कमी करत या, आणि शिबिरात सकाळी साडेसहाला अर्धा कप, दुपारी अर्धा कप. पहिलं सत्र सातला, ऊन शेडमध्ये आल्यावर. सूर्यनमस्कार दोन-तीन, तेही गुडघे टेकून चालतील. बसायला मॅटखाली सतरंजी, ज्यांना खाली बसवत नाही त्यांना खुर्ची, आणि खुर्च्या मागच्या ओळीत नाही तर सगळ्यांमध्ये. भस्त्रिका, कपालभाती, नेती काढून टाकली. अनुलोम-विलोम श्वास न रोखता, आणि भ्रामरी. दिवसातून पाचऐवजी तीन सत्रं. मौन सकाळी फक्त नाश्त्यापर्यंत, आणि 'काही दुखलं तर मौन लगेच संपतं' हे आदल्या रात्रीच सांगायचं. दाराशी बीपीचं मशिन. शनिवारी दुपारी तीन तास काहीच नाही : ज्याला झोपायचं त्याने झोपावं, ज्याला रामटेकच्या गडावर जायचं त्याने जावं. अंबाळा तलावाच्या बाजूने पायऱ्यांनी चढायचं की गाडीने वर जायचं, हेही ज्याचं त्याने ठरवावं.

निरोपाच्या वेळी एक सूचना वाढवली : अंग दुखेल ते उद्या-परवा. नवीन हालचालींनंतर स्नायूंचं दुखणं चोवीस ते बहात्तर तासांत जास्त जाणवतं, म्हणजे सोमवारी ऑफिसचा जिना चढताना. ते आपोआप जातं. पण सांध्यात कळ आली, मुंग्या आल्या किंवा एकाच बाजूला सणक बसली तर मात्र डॉक्टर गाठा.

फेब्रुवारीची बॅच बरी गेली. डोकं दोघांचं दुखलं, दोघांनीही आठवडाभर आधीच्या निरोपाकडे दुर्लक्ष केलं होतं. मशिनवर एका काकांचं बीपी इतकं वर निघालं की त्यांना आसनं न करता नुसतं बसवून ठेवलं आणि सोमवारी डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनीही फॉर्मवर गोळ्यांच्या रकान्यात 'नाही' लिहिलं होतं, आणि ते खरंच होतं, गोळी त्यांना अजून सुरूच झाली नव्हती. कोणताही फॉर्म हे पकडू शकत नाही. तक्रारी वेगळ्या आल्या. आधी बराच योग केलेल्या तिघांनी लिहिलं, 'ही तर पिकनिक झाली.' शिक्षिका त्यावर नाराज होती. माझ्या मते जाहिरातीत 'नवशिक्यांसाठी' असं लिहिलेलं असताना त्या तिघांना घेतलंच कशाला, हा प्रश्न तिने स्वतःला विचारावा. पण सोळा जागा भरायच्या असतात, हेही मला कळतं.

स्वयंपाकाला तिने शेजारच्या गावातल्या दोन बाया पगारी ठेवल्या. फी पाचशेने वाढली. श्रमदान राहिलं, पण चिठ्ठ्या टाकून. त्यात भाजी चिरायचं काम एका निवृत्त अभियंत्यांकडे आलं आणि दुधीच्या फोडी शेवटपर्यंत एकसारख्या झाल्या नाहीत.

ताईंना निम्मी फी परत मिळाली. फेब्रुवारीला फुकट या, असं बोलावणंही गेलं. त्या आल्या नाहीत. त्या सध्या त्यांच्या कॉलनीतल्या समाजभवनात संध्याकाळी खुर्चीवरच्या वर्गाला जातात, आठवड्यातून जमेल तसं. तिथे येण्याआधी आणि तिथून गेल्यावर, दोन्ही वेळा, चहा होतो.